संस्थापकांच्या मेजावरचा डाग

मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी सुचवलेल्या हॉटेलला नाही म्हणायचं नसतं, हे शहाणपण कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मुलगी लग्नाची झाली की ते आपोआप येतं. म्हणूनच "तुमची उतरायची सोय मी हवेलीत केली आहे, थेट आमच्या कॉलेजच्या संस्थापकांच्या खोलीत," असा प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा मसुदेसाहेब "वा वा, उत्तम!" म्हणून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "हवेली म्हणजे डास असतील का गं?"

मसुदेसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क होते आणि कच्चा मसुदा केल्याशिवाय त्यांनी कधी रजेचा अर्जसुद्धा दिला नव्हता. घरातला नळ गळायला लागला तरी ते आधी 'विषय' आणि 'संदर्भ' मनात जुळवत, तोवर बायको प्लंबरला बोलावून आणत असे. या बायकोला सगळी कॉलनी काकू म्हणायची. तिच्याहून वयानं मोठी माणसंही काकूच म्हणायची आणि तिनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

तर लेक हवेलीच्या त्या छोट्याशा गावातल्या कॉलेजात शिकवत होती आणि तिथल्याच इतिहासाच्या प्राध्यापकांच्या मुलाशी तिनं जमवलं होतं. मुलगा राजी, मुलगी राजी, मुलाची आई तर कधीचीच राजी. अडलं होतं ते प्राध्यापकांपाशी. ते नाही म्हणत नव्हते. ते 'बघू' म्हणत होते. ज्यानं सरकारी नोकरी केली आहे त्याला 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. मसुदेसाहेबांनी स्वतः आयुष्यभर लोकांना 'बघू' म्हटलं होतं आणि त्यातलं पुढे काहीही बघितलं नव्हतं. त्यामुळे त्यांची झोप उडाली होती.

प्राध्यापकांची ख्यातीही साधी नव्हती. ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकाचं पान कुणीतरी फाडलं, तेव्हा पान सापडेपर्यंत त्यांनी ग्रंथालयच बंद ठेवलं होतं. सख्ख्या भाच्याला त्यांनी इतिहासात नापास केलं होतं आणि वर बहिणीकडे जेवायलाही गेले होते. लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, दुपारी चारला आम्ही सगळे तुमच्या खोलीवर चहाला येतोय. सरांना जुन्या वस्तूंचा फार जिव्हाळा आहे. कृपा करून कशाला हात लावू नका. आणि भाषण करू नका."

"भाषण कोण करतंय? चार शब्द बोलावे लागतात," मसुदेसाहेब म्हणाले. त्या चार शब्दांचा मसुदा तेव्हा तिसऱ्या पानावर होता.

हवेलीच्या दारात मॅनेजरनं त्यांचं स्वागत केलं. बारीक मिशीचा, मान किंचित कलती ठेवून बोलणारा माणूस. 'ऐतिहासिक' हा शब्द त्याच्या तोंडी असा बसला होता की तो श्वास घेतानाही तोच उच्चारत असावा. "हा जिना ऐतिहासिक आहे, कठड्याला धरू नका. हा पलंग ऐतिहासिक आहे, दोघांनी एकदम बसू नका. नळ ऐतिहासिक आहे."

"म्हणजे गरम पाणी?" काकूनं विचारलं.

"त्या काळी नव्हतं," मॅनेजर अभिमानानं म्हणाला. "आणि दुपारी थोडे प्रेक्षक येतील खोली पाहायला. तुम्ही आपलं चालू ठेवा, ते तुम्हाला त्रास देणार नाहीत."

आपण पैसे देऊन राहायला आलो आहोत की प्रदर्शनात मांडले गेलो आहोत, हा प्रश्न मसुदेसाहेबांच्या ओठावर आला होता. पण खोली व्याह्यांनी मिळवून दिलेली. दात कोरून पोट भरत नाही आणि व्याह्यांच्या सोयीला नावं ठेवून सोयरीक होत नाही. त्यांनी ओठ मिटले.

खोली प्रशस्त होती, पण अंधारी. मखमली पडदे जाड, आणि दिव्याचा उजेड जेमतेम दिव्यापुरता. खिडकीशी एक भलंमोठं लाकडी मेज होतं. काकूनं सवयीप्रमाणे आल्या आल्या संसार मांडला. पाण्याच्या बाटल्या, पिशवी, गोळ्यांचा डबा सगळं मेजावर गेलं, आणि प्रवासात भिजलेला हातरुमाल तिनं मेजावरच्या एका छोट्या पितळी स्टँडवर वाळत घातला. तो स्टँड रुमाल वाळत घालायला इतका बेताचा होता की त्याचा दुसरा काही उपयोग असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

मसुदेसाहेबांनी तेवढ्यात त्याच मेजापाशी बसून, अंधारात डोळे ताणत, चार शब्दांचा शेवटचा परिच्छेद लिहायला घेतला. पेन शाईचं. बॉलपेननं लिहिलेल्या शब्दाला वजन नसतं, असं त्यांचं मत. हे पेन गळत असे. ते गळतं हे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला माहीत होतं, काकूला तर फारच माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त मसुदेसाहेबांना. आताही बोटाला ओलसर लागलं म्हणून ते हात धुवायला गेले आणि काकूनं उजेड यावा म्हणून पडदे सरकवले.

"केलंत ना शेवटी!" ती ओरडली.

मसुदेसाहेब ओल्या हातानं बाहेर आले. मेजाच्या बरोब्बर मधोमध, तळहाताएवढा, काळानिळा शाईचा डाग पसरला होता.

"मी?" ते म्हणाले.

"नाही, मी! मी बसले होते ना इथे गळकं पेन घेऊन!" काकू म्हणाली. "तिनं काय सांगितलं होतं? कशाला हात लावू नका. आणि तुम्ही आल्याबरोबर लोकांच्या जुन्या मेजावर... चारला माणसं येणार आहेत हो!"

मसुदेसाहेबांनी पेन पाहिलं. पेन रिकामं होतं. झालं, पुरावाच मिळाला. वास्तविक त्या पेनमध्ये एवढी शाई मावणं शक्य नव्हतं. पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला बायकोनं 'केलंत ना' म्हटलं की आपण केलं असणारच असं वाटतं. तिथे हिशेब चालत नाही.

यापुढे जे झालं त्याला काकूचं कौशल्य म्हणावं लागेल. नवऱ्याच्या खिशांवरचे शाईचे डाग काढण्यात तिचा सगळा संसार गेला होता. गाडी लागू नये म्हणून आणलेली लिंबं निघाली, दात घासायची पेस्ट निघाली, कपड्यांचा साबण निघाला. जुन्या बनियनचा बोळा तर ती प्रवासाला निघताना आधी घेते. मसुदेसाहेब दाराशी पहारा देत उभे राहिले. काकू घासत होती, पुसत होती, वाकून वास घेत होती, पुन्हा घासत होती. थोड्याच वेळात मेज असं लख्ख झालं की त्यात तोंड दिसावं.

"जुनं लाकूड, पण चांगलं आहे हो," कपाळावरचा घाम पुसत काकू म्हणाली. मसुदेसाहेबांना बायकोबद्दल एवढा आदर पूर्वी एकदाच वाटला होता, गॅस सिलिंडरच्या रांगेत. आता संकट टळलं होतं. काकूनं हात पुसायला स्टँडवरचा रुमाल काढला, आणि रुमालाखालून पितळी पाटी उघडी पडली.

काकूनं वाचली. मग तिनं ती नवऱ्याकडे वळवली, कारण काही गोष्टी मोठ्यानं वाचण्याचा धीर होत नाही. पाटीवर कोरलं होतं: 'याच मेजावर संस्थापकांनी आपली हवेली व सर्व जमीन महाविद्यालयास दान दिली. दानपत्रावर सही करताना त्यांचा हात थरथरला व दौत कलंडली. समोर दिसणारा शाईचा डाग त्या महान क्षणाचा साक्षीदार आहे. कृपया स्पर्श करू नये.'

मसुदेसाहेब ऐतिहासिक पलंगावर बसले. काकूही बसली. दोघं एकदम बसली, पण आता पलंगाची फिकीर कुणाला होती!

"एका पानासाठी ग्रंथालय बंद ठेवणारा माणूस," मसुदेसाहेब म्हणाले. "आणि आपण साक्षीदारच पुसून टाकला."

अशा वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. मसुदेसाहेबांनी कॉलनीत फोन लावला. तळमजल्यावर एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक राहत होते. सगळे त्यांना बर्नरकाका म्हणत. त्यांनी फोन उचलला, पुरतं ऐकून घेतलं, आणि "एक मिनिट हं, स्पीकरवर टाकतो," म्हणून जिन्यात जमलेल्या सगळ्यांना ऐकवलं. मसुदेसाहेबांची अब्रू तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एका दमात पोहोचली.

"सरळ कबूल करा," कुणीतरी म्हणालं.

"वेडे आहात का? मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे. मेजावर टेबलक्लॉथ घाला आणि वर चहाचा ट्रे ठेवा," दुसरं कुणीतरी म्हणालं.

"डाग होता हे सिद्ध करणं त्यांचं काम आहे," हा पलीकडच्या जिन्यातला वकील. "नव्हता म्हणा आणि गप्प बसा."

"पाटीवर लिहिलंय हो, होता म्हणून!"

"मग पाटी घासा."

शेवटी बर्नरकाकांनी शास्त्रीय तोडगा काढला. "नवा डाग पाडा. शाईत कोरा चहा मिसळा, म्हणजे जुनाट रंग येईल. पण शाई चांगली हवी. आणि वाळायला वेळ द्या."

पेन तर रिकामं. हवेलीच्या फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, शाई कॉलेजच्या भांडारात मिळते. मसुदेसाहेब तडक निघाले. भांडाराच्या खिडकीतल्या माणसानं त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ओळखपत्र?"

"मी विद्यार्थी दिसतो का तुम्हाला?"

"म्हणूनच विचारतोय. बाहेरच्या माणसाला कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज करा."

अर्ज! हा शब्द ऐकून मसुदेसाहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा जरा बरं वाटलं. इथे ते घरच्या मैदानावर होते. कार्यालयातल्या कारकुनाचंच बॉलपेन मागून त्यांनी एकटाकी लिहून दिलं: 'विषय: शाईची एक बाटली मिळणेबाबत.' कारकुनानं अर्ज आदरानं वाचला. असा अर्ज हल्ली पाहायला मिळत नाही, असंही तो म्हणाला. मग त्यानं बोट ठेवलं. "कारण लिहिलं नाहीत."

मसुदेसाहेबांनी आजवर अर्जात खोटं कधी लिहिलं नव्हतं. लोकांच्या अर्जातलं खोटं त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. खरं कारण तर लिहिण्यासारखं नव्हतं. पेनचं टोक चावत त्यांनी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, 'ऐतिहासिक कामासाठी'.

कारकुनाचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच नाही! इतिहासाच्या विभागप्रमुखांची सही आणा, लगेच देतो. ते काय समोरच बसलेत."

समोरच्या उघड्या दारातून एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ कुणावर तरी कडाडताना दिसत होते. "तारीख चुकली की माणूस चुकतो!" असं काहीतरी ते म्हणत होते. ते कोण हे मसुदेसाहेबांना कुणी सांगायला नको होतं. फोटो पाहिला होता. "घरी जाऊन घालतो सही," असं काहीतरी निरर्थक बोलून त्यांनी अर्ज हिसकावला आणि वाट फुटेल तिकडे चालू लागले. आयुष्यभर ज्यांनी लोकांना सहीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, ते आज एका सहीला भिऊन वऱ्हांड्यातून जवळजवळ पळत होते. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात ते उगाच नाही.

शाई मिळाली ती हवेलीच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, वरच्या फळीवर, धुळीत. रखवालदार त्याच दुकानाच्या सावलीत स्टूल टाकून बसला होता. "इथेही मिळते," तो म्हणाला. "पण तुम्ही चांगली कुठे मिळते ते विचारलं असेल असं वाटलं."

खोलीवर काकूनं मेजाच्या खणातून हवेलीची माहितीपुस्तिका शोधून काढली होती. तिच्यात डागाचा फोटो होता, नखाएवढा, आणि छपाई अशी की डाग कुठला आणि कागदावरचा धब्बा कुठला ते ओळखू येऊ नये. साधारण बसलेल्या बदकासारखा आकार दिसत होता. मसुदेसाहेबांनी पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कडेला बदक काढायला घेतलं.

"अहो, डागाचासुद्धा मसुदा?" काकू कपाळाला हात लावून म्हणाली.

"मग? एकदा पडला की खोडता येणार आहे का?"

"मघाशी खोडला की!"

मसुदेसाहेबांनी बदक पुरं केलं. मॅनेजरकडून कोरा चहा मागवला. "दूध नको? साखर नको?" त्यानं काळजीनं विचारलं आणि पाहुण्यांना मधुमेह आहे असं समजून बिस्किटंही परत नेली. शाईत चहा पडला, काकूनं कापसाच्या बोळ्यानं बदकाचं अंग भरलं, मसुदेसाहेबांनी काडीनं मान ओढली. मान ओढताना हात हलला आणि बदकाला मागे एक लांबलचक शेपूट फुटलं.

"आता हे काय?" काकू म्हणाली.

"असू दे. थरथरलेल्या हाताचाच डाग आहे ना."

ते पुस्तिकेनं डागाला वारा घालत असतानाच दार वाजलं आणि मॅनेजर प्रेक्षक घेऊन आत आला. पुस्तिका पाठीमागे लपवून मसुदेसाहेब पडद्याजवळ ताठ उभे राहिले. एक-दोघांनी तर त्यांच्याकडेही कौतुकानं पाहून घेतलं. मॅनेजरनं मेजाकडे हात केला, पण पाहिलं नाही. रोज दाखवणारा माणूस कधी पाहतो का! "आणि हा तो डाग," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. एक वृद्ध बाई वाकल्या, चष्मा पुढे-मागे केला आणि म्हणाल्या, "अगबाई, अगदी आत्ताचा वाटतो!"

"तीच तर याची खासियत," मॅनेजर म्हणाला.

माणसं गेली. काकूनं देवाचं नाव घेतलं, मसुदेसाहेबांनी शर्ट बदलला. एक परीक्षा पार पडली होती. पण ती चाचणी होती, वार्षिक परीक्षा चारला होती.

ती वेळेवर आली. पुढे प्राध्यापक, मागे त्यांच्या पत्नी, त्यामागे मुलगा आणि सगळ्यांत शेवटी लेक, जिच्या चेहऱ्यावर 'काही केलं नाहीत ना?' हा प्रश्न दारातूनच दिसत होता. मसुदेसाहेबांनी तिला मानेनंच 'छे छे' केलं. मुलीशी ते असे कधी खोटं बोलले नव्हते.

प्राध्यापकांनी खोलीवरून प्रेमानं नजर फिरवली. पलंग पाहिला, खिडकी पाहिली, आणि मेजाकडे सरळ पाठ करून खुर्चीत बसले. "क्षमा करा हं," ते म्हणाले, "तो डाग समोर असला की मला चहा गोड लागत नाही."

मसुदेसाहेबांचा कप बशीत वाजला. "का? म्हणजे... इतका ऐतिहासिक..."

"कसला ऐतिहासिक!" प्राध्यापक उसळले.

"झालं सुरू," त्यांच्या पत्नी काकूच्या कानाशी म्हणाल्या. "आता चहा थंड होईपर्यंत ऐका."

"मी वीस वर्षं सांगतोय, हा डाग संस्थापकांचा नाही," प्राध्यापक म्हणाले. "कुण्या कारकुनानं नंतर शाई सांडली आणि या लोकांनी त्याची कथा केली. हात थरथरला म्हणे! ज्या माणसानं हसत हसत सगळं देऊन टाकलं, त्याला यांनी रडका करून ठेवला. पण संस्थेचे अध्यक्ष ऐकत नाहीत. पुरावा आणा म्हणतात. अहो, त्या काळची शाई लाकडात मुरते. रंध्यानं लाकूड काढलं तर निघेल, एरवी नाही. हा डाग नुसता पुसून निघाला असता ना, तर माझं म्हणणं तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं. पण पुसून बघायची छाती आहे कुणाची? माझीसुद्धा नाही."

मसुदेसाहेबांनी काकूकडे पाहिलं. काकूनं मसुदेसाहेबांकडे पाहिलं. नवऱ्याचे डोळे 'नको, नको' म्हणत होते. पण डाग निघत नाही असं आपल्यासमोर कुणी म्हणावं, हे काकूला सोसणं शक्यच नव्हतं.

"निघतो," ती म्हणाली.

"काय?"

"डाग. लिंबानं आणि साबणानं निघतो. फार घासावंही लागत नाही."

प्राध्यापक हळूहळू वळले. "तुम्हाला कसं माहीत?"

लेकीनं डोळे मिटून घेतले. मसुदेसाहेब उभे राहिले. खिशात मसुदा होता, पण या प्रसंगाचा परिच्छेद त्यात नव्हता. "सर," ते म्हणाले, "सकाळी मला वाटलं, माझंच पेन गळलं. म्हणून आम्ही पुसला. पूर्ण पुसला. मग पाटी दिसली. मग मी बाजारातून शाई आणली आणि... हा जो आता आहे तो आमचा आहे. अजून नीट वाळलेलाही नाही. चूक माझी. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. तिला यात धरू नका, एवढंच म्हणतो."

प्राध्यापक उठले, मेजापाशी गेले, वाकले. बोट लावून पाहिलं. बोट निळं झालं.

"किती वेळात निघाला?" ते म्हणाले.

"अर्ध्या तासाच्या आत," काकू म्हणाली. "पॉलिशला ओरखडासुद्धा नाही. वरच्या वर होता."

"वरच्या वर!" प्राध्यापकांचा आवाज एकदम पोरासारखा झाला. "अगं, ऐकलंस का? पॉलिशच्या वर होता! पॉलिश संस्थापकांच्या पश्चात झालंय!" मग त्यांचा चेहरा पडला. "पण पुरावा गेला हो. तो बोळा? ज्यानं पुसलंत तो?"

"धुऊन वाळत घातला," काकू म्हणाली. "मळका बोळा कुणी ठेवतं का?"

प्राध्यापक खुर्चीत बसले आणि खो-खो हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते निळ्याच बोटानं पुसलं आणि गालावर पट्टा उमटला. "नसू दे पुरावा," ते म्हणाले. "वीस वर्षं लोक मला हट्टी म्हणत होते. अलीकडे तर रात्री मलाच वाटायचं, हट्टीच असेन मी. आज सुटलो. मनापासून देणाऱ्याचा हात थरथरत नाही, हे खरंच होतं."

"थरथरतो, सर," मसुदेसाहेब म्हणाले.

बोलायचं म्हणून ते बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, तसे ते पुढे म्हणाले, "डाग कुणाचा ते तुम्हाला ठाऊक. पण हात थरथरतो. तुमचं घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे. मी हसत हसतच देणार आहे, मनात काडीचं किल्मिष नाही. तरी सकाळपासून थांबत नाहीये बघा." त्यांनी हात पुढे केला. खरंच थांबत नव्हता.

"बाबा, मी काय हवेली आहे का द्यायला?" लेक म्हणाली, पण तिनं तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

तारखा, दस्तऐवज, शिलालेख यांत हा मुद्दा प्राध्यापकांना कधी भेटला नसावा. "हं," ते म्हणाले. "म्हणजे हसत हसत देऊनही थरथरला असेल, असं म्हणता. हे लिहायला हवं होतं मी." मग त्यांच्यातला मूळ माणूस जागा झाला. "ते काही नाही, उद्या सकाळीच अध्यक्षांकडे जातो आणि सगळं सांगतो. डाग कसा निघाला, कुणी काढला, नवा कुणी घातला. सत्य ते सत्य."

मसुदेसाहेब दचकले. सगळ्या कॉलेजात नाचक्की होणार, मुलीला तिथेच शिकवायचंय. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत काकूनं प्राध्यापकांच्या कपात गरम चहा ओतला आणि घरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "सांगा हो, जरूर सांगा. पण लग्न झाल्यावर."

प्राध्यापकांनी कप तोंडाशी नेला आणि तसाच धरला. "लग्न झाल्यावर?"

"आधी सांगितलंत तर नव्या सुनेच्या माहेरचा बोभाटा. नंतर सांगितलंत तर घरातली गंमत."

हे म्हणणं प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. त्यांच्या पत्नीनं तेवढ्यात मुलाला कोपरानं ढोसलं, पण तो इतका घाबरला होता की त्याला वाटलं उठायचं आहे, आणि तो उठून उभा राहिला.

"पण मग मला तोवर गप्प बसावं लागणार," प्राध्यापक अस्वस्थ होऊन म्हणाले. "वीस वर्षांनी कळलंय मला हे. किती दिवस गप्प बसू मी?"

"ते तुमच्या हातात आहे," काकू म्हणाली.

प्राध्यापकांनी कप खाली ठेवला, कॅलेंडर कुठे आहे ते पाहिलं, ते नव्हतं, मग मसुदेसाहेबांकडे वळून अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, मग उशीर कशाला करायचा? पुढच्या महिन्यात उरकून टाकू ना!"